सव्वासहाचा म्हातारा

डोरीन हॉवर्थ चंदीगडला आली ती एका वर्षासाठी, आणि राहिली ती तीन-तीन महिन्यांनी. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पंजाबात आणि चंदीगडात तेव्हा दहशतवादामुळे परदेशी माणसाला नुसतं राहायचं म्हटलं तरी खास परवाना लागायचा, आणि तो तीन महिन्यांच्या वर कुणी देत नसे. दर तिमाहीला डोरीन तोच फॉर्म भरायची. नाव, वडलांचं नाव, नवऱ्याचं नाव. तिथे ती आडवी रेघ मारायची, आणि ती रेघ पाहून खिडकीतला कारकून दर वेळी नव्याने हळहळायचा. शेवटचा रकाना सगळ्यात वाईट होता: 'हे काम भारतीय माणसाकडून का होऊ शकत नाही?' डोरीनला मनातून वाटे, होऊ शकतं की. पण तसं लिहिलं असतं तर सामान बांधावं लागलं असतं. म्हणून ती दर वेळी 'विद्यार्थ्यांना माझी गरज आहे' असं लिहून, चोरी केल्यासारखी घाईघाईने सही करायची.

सामान बांधायची तिची मुळीच इच्छा नव्हती. इंग्लंडात हडर्सफील्ड नावाच्या गावी तिची धाकटी बहीण होती, बहिणीच्या घरात मागल्या बाजूला एक खोली होती, आणि त्या खोलीत डोरीनचा पलंग आणि मेहुण्याची मासे धरायची सगळी आयुधं एकत्र नांदत होती. तिथे डोरीन नुसती बावन्न वर्षांची होती. इथे ती मॅडमजी होती. बसच्या कंडक्टरपासून ते नाक्यावर तिची पर्स उघडून छत्री चाचपून पाहणाऱ्या पोलीसबाईपर्यंत सगळ्यांना तिचं कसं चाललंय याची काळजी. नाश्ता केला का, स्वेटर का नाही घातला, आणि एकटीच का, हे तीन प्रश्न तिला रोज पडत. म्हणजे इतरांना पडत, उत्तरं तिने द्यायची.

सेक्टर एकोणीसमधल्या एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवर तिची खोली होती. तिला तिकडे बरसाती म्हणतात. खाली कुंटे राहायचे. बाळकृष्ण कुंटे केंद्र सरकारच्या जनगणना खात्यात, बदलीवर आलेले. बायको रत्नप्रभा मिरजेची. मुलगी स्मिता सातवीत; तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची. नवरा देश मोजायचा आणि बायको घर. त्या दिवसांत दिवेलागणीच्या आत सगळी माणसं घरात आली की नाही हे बघितल्याशिवाय कुणी फाटकाला कुलूप घालत नसे. रत्नप्रभा फाटकाशी उभी राहून बोटांवर मोजायची: हे, स्मिता, मी, आणि डोरीनबाई. चार झाले की कुलूप. पहिल्यांदा ते 'चार' डोरीनने वरून ऐकलं तेव्हा तिला शब्द कळला नव्हता, पण बोटं दिसली होती. त्यानंतर बराच वेळ ती गच्चीवर उगाचच वाळलेले कपडे पुन्हा घड्या घालत उभी राहिली.

तर अशा ठिकाणाहून तीन महिन्यांच्या नोटिशीवर कोण जाईल?

तिचा इंग्रजीचा वर्ग सेक्टर पंधरात, एका शिकवणीवर्गाच्या दुसऱ्या मजल्यावर भरे. वेळ दोन ते चार, कारण सगळ्यांना उजेडी घर गाठायचं असे. बत्तीस जण. कॅनडाला निघालेले, बँकेच्या परीक्षेला बसलेले, इंडस्ट्रियल एरियातल्या शोरूममधला एक सेल्समन, पंचकुल्याहून मोटारीने येणाऱ्या दोन जावा. सगळे कमालीचे अदबशीर. बाई आल्या की उभे राहत, बाई निघाल्या की पुन्हा उभे राहत, आणि मधल्या वेळात एकमेकांचं उतरवून काढत. तेजिंदर कौर नावाच्या मुलीचं अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे तिची वही आधी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जायची आणि मग बाईंच्या टेबलावर यायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. विरजण मागावं तसं ते होतं. जिच्याकडे आहे तिने द्यावं, ज्याच्याकडे नाही त्याने न्यावं.

डोरीनने दीड वर्ष सगळे उपाय केले. रागावली, बाकांची अदलाबदल केली, एकदा तर डोळ्यांत पाणी आणलं. त्या दिवशी अख्ख्या वर्गाने तिला मिळून एक शाल आणून दिली, आणि सोबत माफीची एकतीस पत्रं, अक्षरन् अक्षर सारखी.

नोव्हेंबरात तिला एक नामी युक्ती सुचली. तिने फळ्यावर गृहपाठ लिहिला: 'रोज एक तास आपल्या घराच्या दाराशी बसा. रस्त्यावर जे दिसेल तेच लिहा. घड्याळात बघून वेळेसकट लिहा. विशेषणं नकोत. आठ दिवस.' तिचं म्हणणं असं, की प्रत्येकाचा रस्ता निराळा, तेव्हा उतरवणार कुणाचं? स्वतःवर ती इतकी खूश झाली, की ज्या शहरात चौकाचौकांत वाळूची पोती रचून बंदुकवाले बसलेत, तिथे आपण बत्तीस माणसांना रस्त्यावर नजर ठेवून वेळा टिपायला सांगतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. वर्गाच्याही आलं नाही, कारण त्यांचा तसं काही करायचा विचारच नव्हता.

एका बाईचा होता. रत्नप्रभा ऑगस्टपासून तिच्या वर्गाला येत होती. नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोशी एकदा तरी हवापाण्याच्या पुढे जाऊन इंग्रजीत बोलायचं, असा तिचा पण होता. तिला उतरवणं जमत नव्हतं. लहानपणी एकदा उतरवलं म्हणून मिरजेच्या शाळेत हातावर छडी बसली होती, तेव्हापासून तो हात दुसऱ्याच्या वहीकडे वळेचना. ती आपली रोज स्वयंपाक आटोपून, एका तासाचे तीन तास करून, फाटकाशी उन्हात वेताचा मोढा टाकून बसली. मांडीवर विणकाम, विणकामावर वही. कोपऱ्यावर तीन जवानांचा नाका होता. दुसरं बघण्यासारखं त्या रस्त्यावर होतं तरी काय?

शनिवारी डोरीनने वह्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि, रत्नप्रभा स्मितासाठी आधीच पुढे गेलेली असल्याने, एकटीनेच बस पकडली. वाटेतल्या नाक्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांना उतरवलं. नेहमीची पोलीसबाई नव्हती. होती ती नवी, चुणचुणीत, बी.ए. झालेली. तिने सगळ्यात वरची वही उघडली आणि उभ्या-उभ्या वाचायला लागली. ओठ हलत होते. डोरीनला आधी बरंच वाटलं. आपल्या विद्यार्थ्यांचं लिखाण कुणी इतक्या मन लावून वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तिने मान तिरकी करून वहीत बघितलं.

'नऊ दहा. बारीक शिपाई झाडामागे गेला. नऊ चौदा. परत आला. दहा वाजता नवे तीन आले, जुने तीन गेले. एकाची बंदूक पोत्यावर राहिली. दहा सहा. तो धावत परत आला व घेऊन गेला. अकरा वीस ते अकरा अडतीस पोत्यांपाशी कोणी नव्हते.'

डोरीनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे फार चांगलं लिहिलंय. दुसरा विचार यायच्या आत बस तिला सोडून निघून गेली होती.

चौकीत तिला चहा मिळाला, खुर्ची मिळाली, पण वह्या मिळाल्या नाहीत. इन्स्पेक्टर कौशल म्हणून एक सावकाश बोलणारे गृहस्थ होते. तिच्या परवान्याची फाईल सोमवारी त्यांच्याच टेबलावर यायची होती. त्यांनी सांगितलं, की बत्तीसच्या बत्तीस वाचून काढतो. सोमवारी अकराला या, आणि ही वरची वही जिची आहे तिला आणि तिच्या घरच्या कर्त्या माणसाला घेऊन या. एवढं बोलून त्यांनी सरकारी जीपने तिला घरी पोचवलं. जीप फाटकाशी थांबली आणि रत्नप्रभाने मोजलं, चार. पण त्या दिवशी जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिने कुलूप लावलं नाही.

बाळकृष्णरावांनी सगळं ऐकलं आणि पाटावरून उठून पुन्हा पाटावरच बसले. सरकारी नोकराच्या बायकोने सुरक्षा दलावर पाळत ठेवली, आठ दिवस, लेखी, इंग्रजीत. त्यांना पेन्शन दिसायला लागली, म्हणजे दिसेनाशी व्हायला लागली. रविवारभर त्यांनी बायकोला एकच पाठ दिला: गाईडमधून उतरवलं म्हणून सांग.

"कुठल्या गाईडात तो झाडामागे जाणारा शिपाई सापडायचा हो?" रत्नप्रभा म्हणाली.

"अगं, तो इन्स्पेक्टर काय गाईडं वाचतो?"

"आई, बोल दो ना कॉपी किया," स्मिता दप्तर भरता भरता म्हणाली. "सब करते हैं."

रत्नप्रभा कणीक मळत होती, ती जरा जोरात मळायला लागली.

वर गच्चीवर डोरीनचं निराळंच चाललं होतं. एका वहीचं काहीतरी करता येईल. पण बाकीच्या एकतीस? गृहपाठ तिने असा चोख बांधला होता, की तो जर खरंच सगळ्यांनी केला असेल, तर मोहाली ते पंचकुला अख्ख्या मुलखातले नाके, पहारे, बँकेच्या दारचे रखवालदार, सगळ्यांचं वेळापत्रक त्या पिशवीत होतं, आणि ते गोळा करणारी बाई गोरी. असल्या बाईला हडर्सफील्डला पाठवतील की आणखी कुठे, एवढाच प्रश्न. रविवारी ती चर्चमध्ये गेली, गुडघे टेकले, आणि सव्वीस वर्षांच्या मास्तरकीत जे कधी मागितलं नव्हतं ते देवाकडे मागितलं: पोरांनी उतरवून काढलेलं असू दे.

देवाने ऐकलं. त्यानेच सगळे वांधे झाले.

सोमवारी तिघं चौकीत पोचली तेव्हा बाहेरच्या बाकावर मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ रागारागाने काहीतरी लिहीत बसले होते. शेजारी भरलेले सात-आठ कागद होते. आत इन्स्पेक्टर कौशल यांच्या टेबलावर वह्यांचे दोन ढीग होते, एक एकतीस वह्यांचा आणि एक एका वहीचा. त्यांच्यापुढे आखलेला तक्ता होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

त्यांनी चष्मा लावला आणि तक्ता वाचायला घेतला. सेक्टर बावीस: सकाळी सव्वासहा वाजता एक म्हातारा येतो, बागेत कबुतरांना दाणे टाकतो. सेक्टर पस्तीस: सव्वासहा, म्हातारा, कबुतरं. मोहाली, फेज सात: सव्वासहा, म्हातारा, कबुतरं. पंचकुला, दोन वेळा. सेक्टर आठ, जिथे बागेचं अजून कुंपणच व्हायचंय, तिथेही म्हातारा आणि तिथेही कबुतरं.

"एकतीस जागा," ते म्हणाले. "एकच वेळ, एकच माणूस. मॅडमजी, मी सव्वीस वर्षं नोकरी केली. असा निरोप मी पाहिलेला नाही. हा बुजुर्ग कोण आहे?"

डोरीनला मागितलेलं मिळालं होतं. तेजिंदरने एक रस्ता लिहिला होता, आणि वर्गाने तो, वर आपापला पत्ता घालून, बाईंनी सांगितलं म्हणून वेळेसकट, प्रामाणिकपणे उतरवला होता. इन्स्पेक्टर सांगत होते, की कालच्या रविवारी भल्या पहाटे धुक्यात त्यांनी साध्या वेशातली माणसं सहा बागांमध्ये उभी केली होती. बावीस सेक्टरात सव्वासहाला एक म्हातारा सापडलाही. पण तो दूध आणायला निघालेला निवृत्त तहसीलदार निघाला. बाहेर बाकावर बसलेत ते तेच, कालपासून तक्रार लिहिताहेत, नववं पान चालू आहे.

"साहेब, असा कुणी म्हातारा नाही," डोरीन तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "त्यांनी उतरवून काढलंय."

"कुणी?"

"सगळ्यांनी. एकमेकांचं. ते नेहमीच तसं करतात."

"नेहमी? तुम्ही आल्यापासून?"

"दीड वर्ष."

इन्स्पेक्टर कौशल यांनी चष्मा काढला. मग परवान्याची फाईल ओढून घेतली, शेवटचा रकाना काढला आणि बोट ठेवलं. 'विद्यार्थ्यांना माझी गरज आहे.' सहा वेळा, सहा फॉर्मांवर, एकाच अक्षरात.

"मग मॅडमजी, तुम्ही शिकवता काय?" त्यांनी अगदी मवाळपणे विचारलं.

तो मवाळपणा डोरीनला झोंबला. हेर म्हणून हाकललं असतं तर निदान बहिणीला सांगायला एक गोष्ट झाली असती. निरुपयोगी म्हणून परत जायचं, आणि तेही मासे धरायच्या गळांशेजारी झोपायला. तिच्यापाशी या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते टेबलावरच्या दुसऱ्या ढिगात होतं. तेच पुढे करावं तर रत्नप्रभा अडकणार. तिने त्या ढिगावरची नजर काढून खिडकीबाहेर लावली.

इन्स्पेक्टरने स्वतःच ती वही उचलली. "आणि ही कुणाची उतरवली?"

बाळकृष्णराव खाकरले. गाईडमध्ये, म्हणाले, हल्ली सगळं छापून येतं.

"माझी आहे," रत्नप्रभा म्हणाली. "एक ओळ कुणाची नाही. हवं तर आत्ता इथे बसून लिहून दाखवते. आम्ही तिघं आत आल्यापासून तुमचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. बाहेरच्या आजोबांना कुणी पाणी विचारलेलं नाही."

बाळकृष्णरावांनी डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टरने मात्र दाराकडे बघून कुणाला तरी हाक मारली आणि बाहेर पाणी पाठवलं. मग म्हणाले, की माणूस पाठवून मी सगळ्या वेळा पडताळल्यात, मिनिटाचा फरक नाही. एकच जागा अडते. अकरा वीस ते अकरा अडतीस, आठही दिवस, नाक्यावर कोणी नव्हतं. मग जवान होते कुठे? बाकी झाडामागचंसुद्धा लिहिलंय, हेच नेमकं का नाही?

"हो ना," डोरीन पटकन म्हणाली. "मलाही तेच खटकलं होतं. तिथे वाचणारा अडकतो." आपण आरोपी आहोत हे ती त्या क्षणी साफ विसरली होती.

दोघांनी तिला एकदम घेरल्यावर रत्नप्रभाचा चेहरा पहिल्यांदा पडला. तिने नवऱ्याकडे चोरून बघितलं. "आमच्या अंगणात," ती म्हणाली. "चहाला. मीच बोलावते. त्यातले हवालदार जतचे आहेत, आमच्या मिरजेपासून लांब नाही. किती महिन्यांत मराठी ऐकली नव्हती त्यांनी."

"रोज?" बाळकृष्णराव म्हणाले.

"रोज. शनिवारी पोहे पण."

"मग लिहिलं का नाहीत?" डोरीनने विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत ना डोरीनबाई, दिसेल तेच लिहा म्हणून? मी तेव्हा ओट्याशी चहा करत असायची. ओट्याच्या खिडकीतून पोती दिसतात, अंगण नाही दिसत. जे दिसलं नाही ते कसं लिहू?"

इन्स्पेक्टर कौशल यांनी खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे दोन-चारदा हलले, पण वळले तेव्हा चेहरा सरकारी होता. नाक्यावरचं दल वेगळं, त्यांचे साहेब वेगळे, ते म्हणाले. चहा कुणी कुठे प्यायला हे विचारायचा मला अधिकार नाही, फक्त तिघांनी एकदम जाऊ नये एवढं ताईंनी बघावं. मग त्यांनी फाईल पुढ्यात घेतली, डोरीनचं वाक्य एका रेघेने खोडलं आणि वर स्वतःच्या हाताने लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते: "एकूण विद्यार्थी बत्तीस. शिकलेले, एक. बाकी, एकतीस. काम अपूर्ण. तीन महिने मुदत द्यावी."

डोरीनला अपमान वाटायला हवा होता. तो वाटलाही, पण कुठेतरी लांबून, शेजारच्या घरात भांडं पडल्यासारखा. ती म्हणाली, की तीन महिन्यांत हे काम होणार नाही.

"माहीत आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी एकतीसही वाचल्यात. सगळे शिकले असते तर मला लिहावं लागलं असतं, काम संपलं, रवाना करा. तुम्ही तीन महिन्यांनी पुन्हा या. घाई करू नका." त्यांनी शिक्का मारला. "फक्त पुढचा गृहपाठ घराच्या आतला द्या. स्वयंपाकघर वगैरे."

एकतीस वह्या त्यांनी पिशवीत भरून दिल्या. बत्तिसावी मात्र त्यांनी आपल्याकडे ओढली. पहाऱ्याच्या वेळा आहेत, ती बाहेर जाऊ देता येणार नाही, कुलूपबंद राहील. बाळकृष्णराव तत्काळ उठले, नमस्कार करून दारापर्यंत पोचलेसुद्धा. रत्नप्रभा खुर्चीतच बसून राहिली.

"अगं, चल."

"बाईंनी तपासलेली नाही अजून," ती म्हणाली. "आठ दिवस लिहिलंय मी. मार्क मिळाल्याशिवाय कशी जाऊ?"

इन्स्पेक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा डोरीनकडे, आणि वही टेबलावर उघडून डोरीनकडे फिरवली. खिशातलं पेन दिलं. लाल नव्हतं, पण चालण्यासारखं होतं. डोरीन खुर्ची पुढे ओढून तपासायला बसली. बाहेरचे तहसीलदार पाणी पिऊन पुन्हा लिहायला लागले होते. फोन तिसऱ्यांदा वाजला. डोरीनने एकेक ओळ वाचली, दोन ठिकाणी काना-मात्रेएवढी दुरुस्ती केली, झाडामागच्या शिपायाशेजारी समासात बरोबरची खूण केली, आणि शेवटी आकडा घालून त्याभोवती गोल काढला.

इन्स्पेक्टर कौशल टेबलावरून वाकून बघत होते. "साडेसात?" ते म्हणाले. "मी साडेआठ दिले असते."

"अंगणाचा एक कापला," डोरीन म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.